नदीची खूण कुठे शोधायची? : वाचकांचे प्रश्न

नदी, तिचा इतिहास आणि लोकांच्या मनात राहिलेली नदी यांवर काम करणाऱ्या कोकणातल्या वाचकांचे सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यात काम बिघडण्याची शक्यता जास्त, त्यांना जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : 22 जुलै 2021 च्या पुराची उंची आमच्या आळीतल्या भिंतींवर शाळेतल्या मुलांकडून रंगवून घ्यायची आहे. काही जण म्हणतात 2005 चीही दाखवा. पण प्रत्येक घर वेगळी उंची सांगतं. नेमकी कशी काढायची? आणि हे चित्र होईल की सरकारी पाटी?
*— कलाशिक्षिका, महाड*

प्रत्येक घर वेगळी उंची सांगतं, कारण प्रत्येक जण वेगळ्या जागेवरून मोजतो. ‘छातीएवढं पाणी’ हे ओट्यावर उभं राहून की रस्त्यावर, हे विचारल्याशिवाय त्या मापाला अर्थ नाही. रस्त्यापासून तर मोजूच नका. डांबराचे थर चढत जातात आणि 2005 सालचे चार फूट आजच्या रस्त्यावरून साडेतीन भरतात. जागचं न हललेलं काहीतरी धरा : जुन्या देवळाचं जोतं, विहिरीचा कठडा, दगडी पायरी. तुमच्याकडे आणखी एक अडचण येईल. ‘पुलाच्या कमानीपासून अमुक हात’ अशी जुनी मापं कुणी सांगितली, तर कुठला पूल ते विचारा. महामार्गावरचा सावित्री नदीचा जुना दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पडला, त्यामुळे त्या मापाला आता टेकायला जागाच नाही.

खूण शोधायची ती घराच्या आत. बाहेरच्या भिंतीवर प्रवाहाचा फुगवटा आणि होड्यांच्या लाटा यांनी रेघ वर-खाली झालेली असते, शिवाय पुरानंतर बाहेरून रंग काढलेला असतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे बघा : माळ्याच्या फळीची खालची बाजू, जिन्याखालचा कोपरा, भिंतीतल्या कपाटाची पाठ, वीजमीटरच्या लाकडी पाटीमागे. बारीक गाळाची, पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ सापडते.

सापडली की लगेच हरखून जाऊ नका. पाणी उतरताना मध्येमध्ये थांबतं आणि प्रत्येक थांब्याला एक रेघ उमटते. महाडला हे व्हायचंच, कारण बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढली की सावित्रीचा निचरा अडतो. मुलं सगळ्यात ठसठशीत रेघ दाखवतील, ती बहुधा अशा थांब्याची असते. आपल्याला हवी सगळ्यात वरची, मग ती कितीही फिकट असो. दुसरी फसगत जांभ्याच्या भिंतीत होते. चिरा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून वर शोषलं जातं आणि पुराच्या पातळीच्या बऱ्याच वर क्षाराचा पांढरा पट्टा दिसतो. ओलीची कड ढगासारखी लहरी असते, पाण्याची रेघ मात्र समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर एकाच पातळीत असते. दोन भिंती पडताळल्याशिवाय माप लिहू नका.

पातळी एका घरातून दुसऱ्या घरात न्यायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. आतून 8–10 मिमी व्यासाची पारदर्शक नळी 15–20 मीटर घ्या. एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या. थेट नळाला लावली तर आत बुडबुडे अडकतात. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली की पातळी स्पष्ट दिसते. काम सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरा. पाणी एका पातळीत आलं नाही, तर बुडबुडा आहे असं समजून नळी पुन्हा भरा. मोजताना टोकावरचा अंगठा काढायला विसरणं ही मुलांची हमखास चूक. अंगठा आहे तोवर पाणी खोटं बोलतं. आणखी एक गोष्ट : पूर हे तळं नव्हे, वाहतं पाणी आहे. त्याला उतार असतो. एकाच घरातली खूण गावभर फिरवू नका, दर 100–150 मीटरवर घरातली नवी खूण शोधून तिथून पुढे चला.

आता चित्राचं. ईव्ह मोशर या कलावतीने 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर, मैदान आखायच्या यंत्राने समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीची खडूची रेघ मैलोन्‌मैल ओढली. त्या रेघेला सजावट नव्हती. रेघ दारासमोरून जाताना लोक बाहेर येऊन काय चाललंय ते विचारत, आणि काम तिथे घडे. तुमचीही रेघ तशीच साधी ठेवा. मासे, लाटा, रडणारे चेहरे काढू नका. आळीच्या वरच्या टोकाला ती रेघ घोट्याशी असेल आणि खालच्या टोकाला डोक्यावरून जाईल. एका आळीपुरतं पाणी जवळजवळ सपाट आणि जमीन उतरती, एवढंच दाखवायचं आहे, आणि ते चालणाऱ्याला अंगाने कळतं.

रंग निवडताना निळा आणि लाल टाळा. आपल्याकडे निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाची परवानगी या रेषांवर अडते. भिंतीवर निळा पट्टा दिसला की घरमालकाच्या पोटात गोळा येणारच. पिवळी माती किंवा काजळी वापरा. ऑइलपेंट ओल्या भिंतीवर पहिल्याच पावसाळ्यात फुगे धरतो. त्यापेक्षा विरवलेला चुना गाळून दुधाइतका पातळ करा, त्यात चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रंग नको (जास्त झाला की हाताला लागतो), आणि भिंत आधी ओली करून तीन पातळ हात द्या. चुना कालवणं मोठ्यांनी, चष्मा आणि हातमोजे घालून.

2005 ची रेघ प्रत्यक्ष खूण किंवा फोटो असेल तिथेच सलग, नुसत्या सांगण्यावरची असेल तिथे तुटक. आणि एखादं घर नको म्हणालं तर त्या भिंतीवर रेघ तोडा आणि पुढच्या भिंतीवर त्याच पातळीत सुरू करा. मन वळवायला जाऊ नका. त्या घरातून काय वाहून गेलं ते आपल्याला माहीत नसतं.

प्रश्न : जैतापूरच्या खाडीतला काळा गाळ फेविकॉलमध्ये कालवून कॅनव्हासवर चित्र केलं. महिन्याभरात काळ्याचं तपकिरी झालं, वर पांढरी बुरशी आली आणि तडे गेले. काय चुकलं?
*— कलाविद्यार्थी, राजापूर*

पांढरं आहे ती बुरशी नसावी, मीठ असावं. ओलं बोट फिरवून बघा, विरघळलं तर मीठ. हवा दमट झाली की ते पाणी ओढतं, कोरडी झाली की स्फटिक होऊन वर येतं, आणि दर वेळी रंगाचा थोडा थर उचलतं.

मीठ काढायचं तर गाळ धुवायला हवा. तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांत हात न घालता, उघड्या चिखलातून दोन किलो गाळ घ्या. शिंपले-काड्या काढून चाळणीतून बादलीत उतरवा. एक भाग गाळाला पाच भाग गोडं पाणी घालून ढवळा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी बारीक नळीने काढून टाका. असं पाच-सहा वेळा. पहिल्या दोन-तीन धुण्यांत गाळ भराभर खाली बसतो. पुढे तो बसेनासा होतो, पाणी दोन-दोन दिवस गढूळ राहतं. इथे लोक घाबरून काम सोडतात. खरं तर मीठ गेल्याची ती खूण आहे. मातीचे बारीक कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात, गोड्या पाण्यात सुटे तरंगत राहतात. तेच गणित उलट्या बाजूने खाडीत चालतं. वरून आलेलं गढूळ पाणी खाऱ्याला भेटतं तिथे गाळ खाली बसतो. कोकणातली जुनी खाडीबंदरं गाळाने भरत गेली त्यामागे डोंगरावरून येणारी माती आहे आणि बादलीत दिसणारी ही क्रियाही आहे. एकेकाळी इंग्रजांची वखार असलेल्या राजापूरच्या माणसाने गाळ हे माध्यम निवडलं आहे, तर ही बादली चित्राच्या शेजारी मांडावी, असं आम्हाला वाटतं. सहा काचेच्या बरण्या, सहा धुणी.

गढूळ पाणी राहिलं तर पसरट परातीत ओतून सुकवा. खात्रीसाठी वरच्या पाण्याचा थेंब काचेवर वाळवा. पांढरं कडं उमटलं तर अजून एक धुणं.

काळ्या रंगाचा नाद सोडा. तो लोहाच्या गंधकयुक्त संयुगाचा आहे, हवा न मिळणाऱ्या चिखलात तयार होतो (सडक्या अंड्याचा वासही तिथलाच), आणि हवा लागली की गंजून तपकिरी होतो. काळाच हवा असेल तर काठोकाठ पाणी भरून बंद केलेल्या बरणीत ठेवा. कागदावर ठेवायचा तर आणखी एक धोका आहे. गंजताना आम्ल सुटतं आणि कागद पिवळा, ठिसूळ होतो. म्हणून गाळ आधी आठवडाभर पसरून, रोज हलवून हवेवर तपकिरी होऊ द्या, मग सुक्या 100 ग्रॅमला 5 ग्रॅम शिंपल्यांची बारीक पूड मिसळा. भाजलेला चुना नव्हे, नुसते कुटलेले शिंपले. फळ्याच्या खडूने काम होणार नाही, तो बहुतेक जिप्समचा असतो.

तड्यांचं कारण सोपं. चिकणमाती सुकताना आकसते आणि कॅनव्हास हलतो. लाकडी फळी किंवा जाड प्लाय घ्या, गाळाच्या निम्मी बारीक धुतलेली वाळू मिसळा आणि थर दोन मिलिमीटरच्या आत ठेवा. कागदासाठी बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळलेला, त्यात मधाचे चार थेंब लवचीकपणाला आणि लवंगतेलाचा एक थेंब बुरशीला. तांदळाची खळ नको. आपल्या हवेत तिला कसर लागते.

रिचर्ड लाँग हा ब्रिस्टलचा कलाकार तिथल्या एव्हन नदीचा गाळ हाताने थेट भिंतीवर थापतो. एव्हनलाही मोठी भरती येते, त्यामुळे तिथला चिखल आपल्या खाडीच्या चिखलाचा लांबचा नातेवाईकच. पण त्याची बरीच चित्रं प्रदर्शनापुरती असतात, नंतर भिंत पुसली जाते. टिकवायचं नसेल तर वरची सगळी खटपट माफ.

प्रश्न : वर्षभर दर महिन्याला वाशिष्ठीचं पाणी बाटलीत भरून ठेवलं. बारा रंग दिसतील असं वाटलं होतं. आता बाराही बाटल्या सारख्याच, तळाला थोडा गाळ आणि वर हिरवट पाणी. काही वाचवता येईल का?
*— चित्रकार, चिपळूण*

रंग पाण्यात नव्हताच, तरंगणाऱ्या कणांत होता, आणि तो तळाला आहे. हिरवट आहे ते शेवाळ, उजेडात ठेवल्यामुळे वाढलेलं. बाटल्या हलवा आणि प्रत्येकीचं पाणी पांढऱ्या गाळणकागदातून गाळा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे व्हॉटमन एक नंबरचा 12.5 सेंमीचा गोल कागद मिळतो. पुढच्या वर्षी हेच त्याच दिवशी करा : दर वेळी बरोबर एक लिटर, नदीच्या मधल्या धारेतलं, एकाच जागचं, एकाच भरती-ओहोटीच्या वेळेचं. गाळून झाल्यावर कागदावरून पेलाभर गोडं पाणी जाऊ द्या, नाहीतर उन्हाळ्यातल्या कागदांवर मीठ राहील. सावलीत सुकवा, कडेला पेन्सिलीने तारीख घाला (पेनची शाई पसरते). जुलैचं वर्तुळ जांभ्याच्या रंगाचं येईल आणि गाळायला तासभर लागेल, कारण कागदाची छिद्रं बुजतात. चार कागद बदलावे लागले तर चारही ठेवा.

तुमच्या एप्रिल-मेच्या बाटलीबद्दल मात्र जपून लिहा. कोकणातल्या बहुतेक नद्या तेव्हा वरच्या अंगाला कोरड्या पडतात. वाशिष्ठी वाहते, कारण कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला वीज करून कोळकेवाडीमार्गे तिच्यात उतरतं. ते पाणी एरवी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. तेव्हा मे महिन्याच्या कागदावर ‘वाशिष्ठी’ एवढंच लिहिलं तर अर्धी गोष्ट सुटेल.

प्रश्न : माझे मामा शास्त्री नदीवर तर (माणसं पलीकडे नेणारी होडी) चालवायचे. त्यांच्या आठवणी आणि नदीचे आवाज मिळून एक श्राव्यकृती करायची आहे. पण त्यांना साल आठवत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये वारा सोडून काही ऐकू येत नाही.
*— वाचक, संगमेश्वर तालुका*

साल विचारू नका, टप्पे विचारा. कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967) झाला तेव्हा तर चालू होती का? आणीबाणीत? कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली (जानेवारी 1998) तेव्हा होडीत किती माणसं असत? फार वयस्क माणसं असतील तर रामदास बोट बुडाली तो गटारीचा दिवस (17 जुलै 1947) त्यांना बहुधा आठवतो. मग भाडं विचारा. भाडं पैशात होतं की भातात, हे माणसं सहसा विसरत नाहीत. घरात खुर्चीवर बसवून विचारण्याऐवजी धक्क्यावर न्या, आणि ज्या भरतीला ते होडी सोडत त्याच भरतीला न्या. हात दाखवायला लागले की बोलणं आपसूक येतं. मात्र ‘इकडून तिकडे’ असं बोलले की लगेच तुम्ही मोठ्याने म्हणा, ‘म्हणजे वडाकडून देवळाकडे’. ऐकणाऱ्याला हात दिसत नाहीत.

वाऱ्याला उपाय माइकवर फरचं टोपण. नुसता फोम खाडीवर पुरत नाही. ते नसेल तर वाऱ्याकडे पाठ करा आणि माइक तोंडापासून वीतभर, हनुवटीच्या जरा खाली धरा. रेकॉर्डरची सेटिंग 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास. शेवटी कुणीही न बोलता एक मिनिट तिथलीच शांतता घ्या, काटछाट झाकायला तीच लागते. पाण्याखालचा माइक मिळाला तर तिवरांजवळ सोडून बघा. कढईत काहीतरी तडतडतंय असा आवाज येईल. माइक बिघडलेला नाही, नांगी आपटणाऱ्या बारीक कोळंब्या आहेत.

ॲनिया लॉकवुड यांनी 1982 मध्ये हडसन नदीचा ध्वनिनकाशा केला, पुढे डॅन्यूबचा. उगमापासून मुखापर्यंत एकेका जागी थांबून नुसतं पाणी रेकॉर्ड करायचं आणि नदीकाठची माणसं स्वतःच्या आवाजात. त्यात वरून संगीत चढवलेलं नाही. तुम्हीही बासरी घालू नका, हा आमचा आग्रह समजा.

मामांची परवानगी रेकॉर्डिंगमध्येच घ्या, सुरुवातीला आणि ऐकवून झाल्यावर पुन्हा. वल्हं कुणी चोरलं, कुणाला फुकट नेलं, हे बोलण्याच्या भरात निघतं आणि गावात ती घरं अजून असतात.

प्रश्न : कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीत वाळूवर मोठं चित्र काढून भरतीला पुसू द्यायचं आहे. दोनदा गेलो, दोनदा पाणी आधीच वर आलेलं. वेळ कशी काढायची?
*— दोन मित्र, मालवण*

तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा : मुंबईकडे भरती साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाला पूर्ण, ओहोटी बाराच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं मागे पडतो, म्हणून हे ‘पाऊण’. मालवणला भरती मुंबईच्या आधी येते, पाऊण-एक तास कमी करा. बहुधा तुमचं इथेच चुकलं. उलट खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते. हा अंदाज झाला. त्या दिवसाचं छापील कोष्टक बघाच.

उघडी वाळू जास्त हवी तर उधाणाचे दिवस, पुनव-अवसेनंतरचे एक-दोन. उधाणाची ओहोटी आपल्याकडे नेहमी सकाळी लवकर आणि संध्याकाळीच येते, त्यामुळे तिरप्या उन्हात वाळूतल्या रेघा खोल दिसतात. भांगाला (अष्टमीच्या आसपास) ती दुपारी येते : पाणी कमी हटतं आणि वरून ऊन, चित्र सपाट. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करा, पाणी वळलं की अवजारं उचला. मुखाशी भरती समोरून येते तशी मागच्या खळग्यातूनही भरते, म्हणून एकाने नुसतं पाण्याकडे बघत उभं राहायचं.

प्रश्न : नदीच्या इतिहासावरच्या मालिकेत रत्नागिरीची कातळशिल्पं (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) घेता येतील का? त्यांत मासे आहेत.
*— वाचक, रत्नागिरी*

मासे आहेत, पाकट आहे, शार्कही आहे. पण ही शिल्पं सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर आहेत, नदीकाठी नाहीत, आणि ती कोरणाऱ्यांचा नदीशी काय संबंध होता याचा पुरावा चित्रात नाही. ‘सड्यावरून दिसणारं पाणी’ असा धागा घेतलात तर चालेल, ‘नदीसंस्कृती’ नको. 2022 पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ठसे घेऊ नका, फोटोत उठावं म्हणून रेघांत खडू भरू नका, पाणी ओतू नका. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात जा. उन्हाच्या विरुद्ध बाजूला उभे राहिलात की खोदलेली रेघ सावलीने आपोआप काळी होते.